चार खुर्च्या, तीन मतं

आजची गोष्ट न्यूयॉर्कची. शहराची नाही, राज्याची. राजधानी ऑल्बनी. विषय आहे निवडणुकीतला पैसा, आणि तो तपासणारी माणसं.

सुरुवात १९७४ पासून करू. वॉटरगेट प्रकरणाने अमेरिका ढवळून निघाली होती. उमेदवाराला पैसे कोण देतं हे लोकांना कळलंच पाहिजे, ही मागणी जोरात होती. त्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट मतदान करून नवा कायदा आणला आणि त्यातून पाच सदस्यांचा आयोग उभा राहिला. एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त सदस्य चालणार नाहीत, हा नियम. सदस्य पाच, म्हणजे सगळे हजर असले की मतं सहसा समसमान होत नाहीत.

न्यूयॉर्कनेही त्याच जूनमध्ये राज्य निवडणूक मंडळ स्थापन केलं. पण तिथे सदस्य चार. दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. निर्णयाला तीन मतं लागतात. वरवर पाहिलं तर एकदम न्याय्य वाटतं, नाही का? आता जरा विचार करा. एका पक्षाच्या माणसाची चौकशी करायची, तर त्याच पक्षाच्या निदान एका सदस्याने हात वर करायला हवा. मी कोड लिहितो. ज्याचा कोड आहे त्याच्याच टीमने होकार दिल्याशिवाय बग नोंदवता येणार नाही, असा नियम असता तर आमच्याकडे बग कधी सापडलेच नसते!

याचा परिणाम बघा. न्यूयॉर्कमध्ये कॉर्पोरेशनला वर्षाला एकूण ५,००० डॉलरच देणगी देता यायची. पण १९९६ मध्ये मंडळाने ठरवलं की एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, ही 'व्यक्ती' धरायची. व्यक्तीची मर्यादा वर्षाला १,५०,००० डॉलर. तिथले बिल्डर बहुतेक वेळा प्रत्येक इमारतीसाठी वेगळी एलएलसी काढतात. दहा इमारती, दहा 'व्यक्ती'. पैसा मात्र एकाच खिशातला. कायदा कुणी मोडला नाही, त्याला नुसतं भगदाड पडलं. २०१५ मध्ये ते बुजवायचा ठराव मंडळासमोर आला. मतं पडली २ विरुद्ध २. ठराव बारगळला.

त्याआधी, जुलै २०१३ मध्ये, गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी एक जुनं हत्यार बाहेर काढलं होतं. १९०७ चा मोरलँड कायदा. त्याखाली गव्हर्नरला चौकशी आयोग नेमता येतो. २५ सदस्यांचा आयोग बसला. आमदारांच्या बाहेरच्या कमाईपासून निवडणूक मंडळाच्या ढिलाईपर्यंत सगळं तपासायचं होतं. लोकांना वाटलं, आता काहीतरी होणार.

मार्च २०१४ च्या शेवटी अर्थसंकल्पाची तडजोड झाली आणि कुओमो यांनी आयोगच गुंडाळला. जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की कुओमो यांच्यासाठी जाहिराती लावणाऱ्या एका कंपनीला आयोगाने समन्स काढलं होतं, आणि ते गव्हर्नरच्या कार्यालयातून आलेल्या दबावानंतर मागे घेतलं गेलं. कुओमो यांचं म्हणणं साधारण असं होतं: आयोग माझाच, मग मी त्यात ढवळाढवळ केली असं कसं म्हणता? आणि गंमत म्हणजे, मुद्दा नेमका तोच होता.

आयोगाची कागदपत्रं ताब्यात घेतली संघराज्याचे सरकारी वकील प्रीत भरारा यांनी. हो, पंजाबात फिरोजपूरला जन्मलेले तेच. २०१५ मध्ये विधानसभेचे सभापती शेल्डन सिल्व्हर आणि सिनेटमधले बहुमताचे नेते डीन स्केलोस, दोघंही भ्रष्टाचाराच्या खटल्यांत दोषी ठरले. २०१७ मध्ये दोन्ही निकाल रद्द झाले, २०१८ च्या फेरखटल्यात दोघं पुन्हा दोषी ठरले. आयोग बंद करण्याबद्दल मात्र संघराज्याचा गुन्हा सिद्ध होईल एवढा पुरावा नाही, असं भरारांच्या कार्यालयाने २०१६ मध्ये सांगितलं. हेही नोंदवायला हवं.

मग सुधारणा काय झाली? २०१४ च्या तडजोडीत मंडळात अंमलबजावणीसाठी वेगळा मुख्य वकील आला. त्याची नेमणूक गव्हर्नर करणार, विधिमंडळ मंजुरी देणार. पण २०१८ मध्ये मंडळाने नवे नियम करून त्या पदाच्या अधिकारांना वेसण घातली आणि वाद कोर्टात गेला. एलएलसीचं भगदाड बुजलं जानेवारी २०१९ मध्ये. तेही मंडळामुळे नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सिनेटचं बहुमत बदललं, म्हणून. तोवर २३ वर्षं गेली होती.

मला यातून एकच गोष्ट दिसते. देणगीची मर्यादा किती, यावर आपण तासन् तास भांडतो. पण मर्यादा मोडणाऱ्याला विचारायला जाणार कोण, हे कायद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं कलम असतं, आणि खेळ तिथेच ठरतो. म्हणून पुढच्या वेळी कुठलाही नेता 'स्वतंत्र चौकशी समिती' जाहीर करेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. नेमलं कुणी? समन्स काढायला परवानगी कुणाची लागते? आणि ती बंद कोण करू शकतं?

तिन्हींचं उत्तर एकच नाव असेल, तर 'स्वतंत्र' हा शब्द खोडून टाका. भेटू पुढच्या भागात!