शुक्राणूची शेपटी आणि एक थेंब

एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींचा एक ठरलेला प्रश्न असतो: पीएचडीला विषय कोणता घेऊ? आज उत्तराऐवजी एक गोष्ट सांगतो. शुक्राणूची गोष्ट आहे, पण लाजू नका, ही सरळ विजेची गोष्ट आहे.

1677 साली हॉलंडमधल्या लेव्हेनहूकनं आपल्या भिंगाखाली शेपटीवाले वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. दिसले, पण चालतात कसे? हे कळायला सव्वातीनशे वर्षं लागली.

मधला एक टप्पा 1951 चा. अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन, दोघांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट आढळली. ताजा शुक्राणू स्त्रीबीज फलित करूच शकत नाही. त्याला मादीच्या शरीरात काही तास घालवावे लागतात, तेव्हा कुठे तो तयार होतो. पुढे यानागिमाची यांनी हॅमस्टरमध्ये पाहिलं, की तयार झालेल्या शुक्राणूची शेपटी अचानक चाबकासारखी जोरात फटके मारायला लागते. म्हणजे आत कुठलं तरी बटण दाबलं जातंय. कोणतं?

संशय कॅल्शियमवर होता. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं. पेशीच्या पडद्यात दार उघडलं की ते आत घुसणारच. या दारांना म्हणायचं आयन चॅनेल. 1976 मध्ये जर्मनीत नेहर आणि साकमान यांनी काचेची अतिबारीक नळी पेशीला चिकटवून एकेका दारातून जाणारी वीज मोजली. हेच पॅच क्लॅम्प. त्यासाठी 1991 चं नोबेल मिळालं. चेतापेशी, हृदयाच्या पेशी, सगळ्यांची मोजणी झाली. शुक्राणू मात्र राहिला! कारण तो सतत हलतो, आकारानं चिमुकला, आणि त्याचा पडदा आतल्या ताठ सांगाड्यावर घट्ट ताणलेला. नळी चिकटवायची कुठे?

2001 मध्ये अमेरिकेत डेविड क्लॅपम यांच्या प्रयोगशाळेत देजियान रेन आणि सहकाऱ्यांना फक्त शुक्राणूच्या शेपटीत असणारं एक चॅनेल सापडलं. नाव ठेवलं कॅटस्पर. ते जनुक काढून टाकलेले उंदीर एरवी ठणठणीत, पण नर वंध्य. त्यांचे शुक्राणू बीजाभोवतीचं जाड कवच भेदू शकत नव्हते. कवच काढून दिलं, तर फलन होत होतं!

तरीही वीज कुणी मोजली नव्हती. ते केलं युरी किरिचोक यांनी, 2006 मध्ये, त्याच प्रयोगशाळेत. ते मूळचे युक्रेनचे. कीवमधल्या बोगोमोलेत्स संस्थेत प्लातोन कोस्त्युक यांच्या काळापासून पेशीतली वीज मोजण्याची जुनी परंपरा आहे. किरिचोक यांची युक्ती साधी होती. शुक्राणू पूर्ण पिकायच्या आधी त्याच्या शेपटीवर पेशीद्रवाचा एक छोटा थेंब शिल्लक असतो. तिथे पडदा सैल असतो. नळी तिथेच लावली! आणि कळलं, की आतला भाग अल्कधर्मी झाला की कॅटस्परचं दार जास्त उघडतं.

मग पोलिना लिश्को. त्याही युक्रेनच्याच. किरिचोक यांच्यासोबत त्यांनी हेच तंत्र माणसाच्या शुक्राणूवर वापरलं. 2010 मध्ये आम्ल बाहेर टाकणारं चॅनेल दाखवलं. 2011 मध्ये दाखवलं, की बीजाभोवतीच्या पेशींतून येणारं प्रोजेस्टेरॉन माणसाचं कॅटस्पर उघडतं. जर्मनीतल्या एका गटानंही त्याच वेळी, त्याच 'नेचर'मध्ये हेच सांगितलं. गंमत म्हणजे उंदराचं कॅटस्पर प्रोजेस्टेरॉनला दाद देत नाही. म्हणजे फक्त उंदरावर विसंबून राहिलो असतो, तर माणसाची गोष्ट हातातून निसटली असती.

आता आपल्याकडे या. मूल होत नाही म्हटलं की बोट आधी बाईकडे जातं. औषधं तिला, उपास तिला, टोमणेही तिलाच. नवऱ्याची तपासणी झालीच, तर शुक्राणू किती आणि हलतात किती एवढंच बघतात. पण काही वंध्य पुरुषांत कॅटस्परच्या जनुकांत बिघाड सापडलाय. आकडा चांगला दिसला, तरी शेवटचा फटका मारता येत नसेल, तर तो त्या आकड्यात दिसणार कसा?

मुंबईत परळला याच विषयाची मोठी संस्था आहे, प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी, आयसीएमआरची. 1986 मध्ये केईएममध्ये इंदिरा हिंदुजा आणि या संस्थेचे आनंद कुमार यांच्या जोडीनं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. म्हणजे डॉक्टर आणि प्रयोगशाळा एकत्र आल्याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे.

तर विषय निवडताना एवढं बघा. ज्या गाईडकडे जाताय, तिथे हाताला कोणतं तंत्र लागेल? पॅच क्लॅम्प शिकायला महिनोन्‌महिने जातात, नळ्या फुटतात, पेशी मरतात. पण चेतापेशीवर शिकलेला हात उद्या शुक्राणूवर, बीजांडावर, गर्भाशयाच्या स्नायूवर चालतो. किरिचोक यांचंही तेच झालं. तंत्र जुनं होतं, पेशी कुणी न हाताळलेली होती. आणि माणसाच्या प्रजननात अशा न हाताळलेल्या पेशी अजून बऱ्याच आहेत.

बरं, भेटू पुढच्या भागात.