पावतीचं पारायण

उसनं देणं-घेणं ही आमच्या नांदूरघाटची जुनी विद्या आहे. केज तालुक्यातल्या या गावात विरजणापासून बैलजोडीपर्यंत सगळं उसनं आलेलं आणि गेलेलं मी पाहिलं आहे. नेलेली साखर वाटीला वाटी लावून परत येते; नाही आली तर सगळी आळी आठवण करून देते. लग्नाच्या पातेल्यांना तर स्वतःचं असं घर नसतंच. ती कायम दौऱ्यावर. या सगळ्या सचोटीला एकच वस्तू अपवाद आहे, ती म्हणजे पुस्तक. पातेलं घासून-पुसून परत करणारा सज्जन माणूस कादंबरी परत करत नाही. बरं, नाव तर दोन्हींवर घातलेलं असतं. पण पातेल्यावरचं नाव वाचून तो दचकतो आणि पुस्तकावरचं नाव वाचून म्हणतो, ''अक्षर छान आहे हो तुमचं!''

आमच्या आजोबांनी मनुष्यस्वभावाचा हा भाग पुरता ओळखला होता. त्यांच्या देवघरात लाल रुमालात बांधलेली एक हस्तलिखित पोथी होती. एकदा शहरातून एक संशोधक गृहस्थ तिचा माग काढत आले. चहा झाला, गूळ-शेंगदाणे झाले, आणि मग त्यांनी हळूच विषय काढला.

''आजोबा, फक्त पंधरा दिवसांसाठी द्या.''

''कोणत्या वर्षातले पंधरा दिवस?'' आजोबांनी विचारलं.

''नाही, नाही, मी रीतसर पावती देतो ना!''

''म्हणजे पोथी तुमच्याकडं अन् पावती आमच्याकडं. मग चातुर्मासात आम्ही काय पावतीचं पारायण करायचं?''

गृहस्थ आल्या वाटेनं परत गेले. आजोबांचं हे वाक्य मात्र गावात राहिलं. आजही कुणी काही मागायला आलं की, ''पावतीचं पारायण नको बरं का,'' असं म्हणतात.

आजोबांची भीती काही जगावेगळी नव्हती. जुन्या पोथ्यांचे नक्कलकार शेवटच्या पानावर पोथीच्याच तोंडून विनवणी करीत असत, की मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल होऊ देऊ नका, आणि मुख्य म्हणजे मूर्खाच्या हाती देऊ नका. तेल आणि पाणी ओळखू येतं. मूर्ख कसा ओळखायचा, हे मात्र त्यांनी लिहून ठेवलं नाही. त्यामुळे पोथी बाहेर पाठवण्यापेक्षा माणसालाच घरात बोलवावं, असा शहाणा रिवाज पडला. नक्कल करणारा पोथीच्या घरी मुक्काम ठोकायचा, दोन वेळा जेवायचा आणि ओवीमागून ओवी उतरवून घ्यायचा. उतरवता उतरवता एखाद्याच्या हातून ओळ गळायची. एखाद्याला मधेच प्रतिभा सुचायची आणि तो स्वतःच्या चार ओव्या त्यात मिसळून मोकळा व्हायचा.

ज्ञानेश्वरीचं असंच झालं. 1290 साली नेवाशाला ग्रंथ सांगितला गेला. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं तो या हातातून त्या हातात नकलला गेला, आणि जितक्या पोथ्या तितके पाठ झाले. तेव्हा 1584 साली, म्हणजे शके 1506 मध्ये, पैठणच्या एकनाथांनी या पोथ्या ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. आता विचार करा. पोथ्या ताडून पाहायच्या तर त्या आधी मिळाल्या पाहिजेत. म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी गावचा रुमाल सोडून, ''घ्या नाथमहाराज, पण परत करा,'' असं म्हटलं असेलच की! त्या माणसाचं नाव इतिहासात नाही. देणाऱ्याचं नाव इतिहासात नसतंच, बुडवणाऱ्याचं असतं.

हा व्यवहार आमच्या जिल्ह्याच्या अंगणात पुन्हा एकदा घडला. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करीत. त्यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. नाथांच्या आधीचा पाठ तिच्यात आहे असं त्यांचं मत झालं, आणि 1909 साली त्यांनी तो छापून काढला. ती मूळ पोथी आज पाहायला मिळत नाही. हे मी लहानपणी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजोबा विजयी मुद्रेनं म्हणाले होते, ''बघ! मी काय सांगत होतो?''

इकडे ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तकं द्यावीत हा विचार दूर अमेरिकेत निघाला होता. वूस्टरच्या सॅम्युएल स्वेट ग्रीन नावाच्या ग्रंथपालानं 1876 साली 'लायब्ररी जर्नल'ला पत्र लिहून तशी सूचना केली. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून आणले आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. कोल्हापूर संस्थानानं 1945 साली ग्रंथालयांचा कायदा केला. आम्ही निजामाच्या मुलखात. 1948 साली सुटलो. 1955 साली हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा झाला, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. लोक पुस्तक बदलायला जातात. आमचं राज्यच बदललं. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1967 साली झाला आणि मग ग्रंथालयांना शाळेच्या तुकड्यांसारखे अ, ब, क, ड वर्ग मिळाले.

अशाच एका धाकट्या वर्गातल्या वाचनालयाचा मी वर्गणीदार होतो. 1980 च्या सुमाराला माझ्या मनानं घेतलं, की राजवाड्यांनी छापलेला तो बीडचा पाठ एकदा वाचायचाच. आमच्या ग्रंथपालांनी कपाट उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, ''आपल्याकडं नाही. पण मागवू की! ग्रंथालयं एकमेकांना देतात. तसा नियमच आहे.''

नियम होता, पण त्याला टपाल लागत होतं. पहिल्या ग्रंथालयाचं उत्तर आलं, 'ग्रंथ इमारतीबाहेर देता येत नाही.' दुसऱ्यानं विचारलं, 'नांदूरघाट कोणत्या जिल्ह्यात?' तिसऱ्यानं अनामत मागितली. ती पाठवल्यावर त्यांनी पावती पाठवली. फक्त पावती! दोन महिने मी ती पावती घेऊन बसलो होतो, आणि आजोबांची आठवण येत होती.

शेवटी एक दिवस एस.टी.तून पार्सल उतरलं. गोणपाट, सुतळी, लाख. आत राजवाडे संहितेची ज्ञानेश्वरी, आणि मुदतीच्या कागदावर निळा शिक्का. परत करण्याची तारीख पंधरा दिवसांवर! मला हसू आलं आणि मग जरा वाईटही वाटलं. बीडची पोथी अखेर बीड जिल्ह्यात आली होती, पण पाहुणी म्हणून. माहेरवाशीण येते तशी, परतीचा दिवस ठरवून.

चौदाव्या दिवशी माझ्या मनात पाप आलं. ''ही मुळात आपल्याकडचीच आहे,'' मी बायकोला म्हटलं, ''अनामत बुडाली तर बुडू दे.''

''अहो, ठेवून घ्या की,'' ती शांतपणे म्हणाली. ''पुढच्या वेळी गावातल्या पोरानं काही मागवलं, की ते नांदूरघाटचं नाव वाचतील आणि नुसती पावती पाठवतील.''

मी सुतळी शोधायला उठलो.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. 1988 साली दिल्लीत 'डेलनेट' सुरू झालं आणि कुठल्या ग्रंथालयात काय आहे हे यंत्रावर दिसू लागलं. पण पुस्तक अजून पायांनीच प्रवास करतं. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड बुकपोस्टची स्वस्त सोय बंद केली, तेव्हा माझ्यासारख्या खेड्यातल्या वाचकाच्या पोटात गोळा आला. 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' निघालं. सुरुवातीचे दर 300 ग्रॅमला 20 रुपये आणि 5 किलोला 100. ज्ञानाचं असं वजन झालेलं पाहून आजोबा काय म्हणाले असते, याची कल्पना मला करता येते.

आजोबांच्या पोथीचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. ते गेल्यावर आम्ही लाल रुमाल सोडला. वरचं पान शाबूत होतं, खालचंही होतं. मधे मात्र काही नव्हतं. वाळवीनं पावती, अनामत, ओळखपत्र काहीएक न देता सगळी पोथी पहिल्या अध्यायापासून नेटानं वाचून काढली होती. आमच्या घरात इतकं मन लावून ती कुणीच वाचली नव्हती. तिच्यात कोणता पाठ होता, नाथांच्या आधीचा की नंतरचा, आमच्याच एखाद्या पूर्वजानं चार ओव्या घुसडल्या होत्या की काय, हे आता कुणालाच कळणार नाही.

पाटांगणची पोथी घराबाहेर पडली आणि दिसेनाशी झाली. पण तिच्यातलं अक्षर न् अक्षर पार्सलमधून माझ्या दारी येऊन गेलं. आमची पोथी घराबाहेर पडलीच नाही.

तो लाल रुमाल मी अजून जपून ठेवला आहे. ग्रंथालयातून बाहेरगावचं पुस्तक आलं की त्यातच बांधून ठेवतो, आणि मुदतीच्या आत सोडतो.