दगडांवरील माणसें

युरोपांतील विद्यापुनरुज्जीवनाच्या काळीं जो मानवतावाद उदयास आला, त्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. पण आरंभींच आपणांस फ्लॉरेन्सला न नेतां मी जुन्नरला नेणार आहें. माझी सारी नोकरी जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांतील शाळांत गेली. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां पंडिताच्या अधिकारानें नव्हे, तर मुलांस इतिहास शिकवितांना जें उमगलें आणि जें चुकलें, तेवढेंच सांगतों.

चुकलें तें आधीं. दर हिवाळ्यांत मी मुलांना घेऊन लेण्याद्रीच्या पायऱ्या चढत असें. गिरिजात्मजाचें दर्शन झालें कीं मुलें विचारीत, "गुरुजी, हा डोंगर कोणीं कोरला?" गांवांतलीं म्हातारीं माणसें सांगत कीं, पांडवांनीं, आणि तेंही एका रात्रींत. मी तें उत्तर सुधारीत असें आणि मोठ्या ऐटीनें म्हणत असें, "सातवाहन राजांनीं!" पुष्कळ वर्षांनीं पुण्याच्या एका ग्रंथालयांत बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ सालीं प्रसिद्ध केलेलें लेण्यांतील शिलालेखांचें पुस्तक हातीं आलें, आणि मीं मान खालीं घातली. गणपतीच्या शेजारचें तें चैत्यगृह, ज्याच्या दारावरून मुलांची रांग मीं इतक्यांदा नेली होती, तें कोणा राजाचें नव्हेच. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत यानें तें दान दिलें, असें तेथें दगडांतच कोरलेलें आहे. पांडवांच्या जागीं मीं राजे बसविले, एवढाच काय तो फरक. दोन्ही उत्तरें लेख न वाचतां दिलेलीं होतीं.

मानवतावादाचा उगम याच ठिकाणीं आहे असें मला वाटतें. या शब्दासरशी आज आपल्या मनांत भूतदया, परोपकार असे उदात्त विचार येतात. परंतु चौदाव्या-पंधराव्या शतकांतील इटालीचे मानवतावादी हे मूळचे वाचणारे लोक. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीति हे त्यांचे विषय. त्यांच्यांत कोणी शिक्षक, कोणी दरबारचा चिटणीस. पेट्रार्क याला १३४५ सालीं व्हेरोना येथें सिसेरोच्या खासगी पत्रांची एक पोथी सांपडली. ज्याला तो तत्त्वज्ञ म्हणून पूजीत आला होता, तो सिसेरो या पत्रांत काळजी करणारा, डगमगणारा आणि राजकारणांत गुरफटलेला माणूस निघाला. पेट्रार्क इतका रागावला कीं, चौदाशें वर्षांपूर्वीं मेलेल्या त्या गृहस्थाला त्यानें एक पत्रच लिहिलें! मला या प्रसंगाचें नेहमीं हसूं येतें; पण मूर्ति बाजूस सारून माणूस पाहण्याची हिंमत याच रागांतून आली.

पुढें लोरेन्झो व्हाल्ला यानें १४४० सालीं याहून मोठें धाडस केलें. सम्राट कॉन्स्टंटाइननें पश्चिमेचें राज्य पोपला अर्पण केलें असें सांगणारें एक दानपत्र शतकानुशतकें पुढें केलें जात असे. त्यांतील लॅटिन भाषा चौथ्या शतकाची असणें शक्य नाहीं, हें व्हाल्लानें शब्द तपासून दाखविलें. हातांत शस्त्र नाहीं. केवळ व्याकरणाच्या जोरावर त्यानें तें दानपत्र बनावट ठरविलें.

चित्रकलेंतही हा बदल दिसतो. पूर्वीच्या धार्मिक चित्रांत ज्याच्या पैशानें चित्र काढलें, तो दाता संतांच्या पायाशीं पुष्कळदां बाहुलीएवढा दाखवीत. मसाच्चोनें सुमारें १४२७ सालीं फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला या मंदिराच्या भिंतीवर ख्रिस्ती त्रिमूर्तीचें चित्र काढलें. त्यांत गुडघे टेकलेलें दाते जोडपें चौकटीच्या बाहेर आहे खरें, पण मापानें तें देवाएवढेंच आहे.

आमच्या जुन्नरच्या दात्यांचीं अशीं चित्रें नाहींत, पण त्यांचीं नांवें आहेत. गांवाभोंवतीं तुळजा, शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री या डोंगरांत दीडशेंहून अधिक खोदकामें आहेत. त्यांतील लेख प्राकृतांत आहेत. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं मंडप आणि पाण्याची पोढी दिली. हा एक मोठा अधिकारी सोडला, तर बाकीचीं माणसें पाहा. कल्याणचा सोनार संघक यानें एक पोढी खोदविली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें दिलें. इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढ्या दिल्या, तर चिट नांवाच्या यवनानें भिक्षूंना भोजनमंडप बांधून दिला. आडुथुम नांवाच्या शकाच्या लेखांत करंजाच्या आणि वडाच्या झाडांच्या संबंधांत २० आणि ९ निवर्तनें जमिनीचा हिशेब आहे. परक्या मुलखांतून आलेला शक आमच्या शेतांतल्या करंजाची नोंद दगडावर ठेवतो, हें वाचून मीं पुस्तक मिटलें आणि बराच वेळ तसाच बसून राहिलों.

येथें एक सावधगिरी हवी. या दात्यांना मी मानवतावादी म्हणत नाहीं. त्यांनीं पुण्यासाठीं दानें दिलीं, आणि आपल्याकडेही सर्व कांहीं होतें असें म्हणण्याची जी खोड आपल्याला आहे, ती मला मान्य नाहीं. मानवतावाद त्या दगडांत नाहीं. तो दगड वाचण्यांत आहे. आणि वाचन तर आपण पार विसरलों होतों. फिरोजशहा तुघलकानें चौदाव्या शतकांत अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हां ते वाचूं शकेल असा एकही पंडित त्याला मिळाला नाहीं. ब्राह्मी लिपीचा उलगडा प्रिन्सेपनें १८३७ सालीं केला. त्याचा तक्ता घेऊन जुनागडच्या एका मुलानें गिरनारचा लेख आपला आपण वाचावयास आरंभ केला. हेच भगवानलाल इंद्रजी. पुढें त्यांनीं मुंबईस डॉ. भाऊ दाजी यांच्याजवळ काम केलें. कॉलेजाची पायरी न चढलेला हा मनुष्य लेणीं-डोंगर तुडवीत हिंडला, ठसे घेत गेला, आणि १८८८ सालीं वारला तेव्हां पन्नाशीचाही नव्हता. अँकोनाचा सिरियाको नांवाचा व्यापारी पंधराव्या शतकांत ग्रीसच्या भग्न देवळांवरचे लेख असाच उतरून घेई. दोघांनाही ही विद्या कोणीं नेमून दिलेली नव्हती.

भगवानलालांनीं नाणेघाटांतील आकड्यांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला आहे. घाटमाथ्यावरच्या त्या गुहेंत राणी नागनिकेच्या काळचा यज्ञांचा लेख आहे, आणि त्यांत १,७०० गाई, १० हत्ती, १०,००१ गाई असे दक्षिणेचे आकडे चिन्हांनीं दिले आहेत. शून्य आणि स्थानमूल्य तेथें नाहीं, तें पुढचें. पण आपल्या अंकांचीं हीं फार जुनीं रूपें होत. याच अंकांचें कुळ अरबांच्या हातून इटालीस गेलें, आणि पिसाच्या लिओनार्दोनें १२०२ सालीं त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. ज्या व्यापाऱ्यांच्या पैशावर फ्लॉरेन्सचीं चित्रें निघालीं, त्यांच्या मुलांनीं हिशेब शिकले ते याच अंकांत. त्याच गुहेच्या मागच्या भिंतीशीं सिमुक, नागनिका, सातकर्णी इत्यादींच्या मूर्ति ओळीनें होत्या. आज वर नांवें उरलीं आहेत आणि खालीं पावलांच्या खुणा. मधलीं माणसें गेलीं.

इटालीच्या मानवतावाद्यांचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. ते बहुधा राजवाड्यांत रमले. सिसेरो सांपडला म्हणून हर्षभरित झाले, पण शेजारच्या शेतकऱ्याकडे त्यांचें क्वचितच लक्ष गेलें. आमच्याकडेही लेख वाचले गेले ते इंग्रजी ग्रंथांत, आणि डोंगराच्या पायथ्याच्या शाळेंतला मास्तर राजांचींच नांवें घोकवीत राहिला.

पुढच्या हिवाळ्यांत मीं मुलांना चैत्यगृहापुढें थांबविलें आणि सुलसदताचें नांव सांगितलें. हेरणिक म्हणजे सोनेंनाणें सांभाळणारा, असा अर्थ पंडित करतात, हेंही सांगितलें. रांगेंत एक सोनाराचा मुलगा होता. तो पुढें आला, अक्षरांकडे निरखून पाहूं लागला आणि म्हणाला, "गुरुजी, कल्याणहून इथवर हा कसा आला असेल?"

"बहुधा नाणेघाटानें," मी म्हणालों. "चालत किंवा बैलांच्या तांड्याबरोबर."

"मग पुढच्या वेळीं आपण तिथें जाऊं," तो म्हणाला. आणि आम्ही गेलों.