महापद्माची भाजी

कमळ म्हटलं की आपल्याला लक्ष्मी आठवते, देवळाच्या छतावरचं कोरीव काम आठवतं, पद्म पुरस्कार आठवतात. काश्मिरी माणसाला आधी जेवण आठवतं. चिखलात आडवी वाढणारी कमळकाकडी म्हणजे त्याचं नदरू. दह्यात शिजवली की नदरू यखनी, पीठ लावून तळली की भजी. उल्हासनगरच्या सिंधी शेजाऱ्यांकडे 'भे' खाल्ली असेल, तर चव ओळखीची वाटेल.

काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये एक गोष्ट लक्षात आली. इथली गुच्छी, म्हणजे जाळीदार टोपीची अळंबी, वसंतात जंगलात आपोआप उगवते. ढग गडगडले की ती वर येते, असं गावकरी सांगतात. दोऱ्यात ओवून वाळवतात आणि मोठ्या भावाने विकतात. हाख ही पालेभाजी घराघराच्या परसात असते. नदरूची गोष्ट वेगळी. पाणी किती खोल, तळाशी गाळ किती, यावर सगळं अवलंबून. नावेत उभं राहून लांब काठीच्या आकड्याने ते चिखलातून ओढून काढायचं, तेही थंडीत.

श्रीनगरजवळ हारवनला बौद्ध अवशेष आहेत. अंगणात बसवलेल्या भाजक्या मातीच्या फरशांवर कमळं, हंस, धावणारी हरणं आणि घोड्यावरचे धनुर्धर उमटवलेले आहेत. फरशी कुठे बसवायची हे कळावं म्हणून खरोष्ठी आकडे घातले आहेत. सुमारे १५०० वर्षांपूर्वीचं हे काम. ते कमळ अजून शाबूत आहे.

तळ्यातल्या कमळाचं नशीब तसं नव्हतं. झेलम ज्यात शिरते त्या वुलर सरोवराचं जुनं नाव महापद्म, तिथे राहणाऱ्या नागाच्या नावावरून. नकाशावर वुलर पाहताना आम्हा फौजी लोकांची नजर काठ, खोली आणि उतरण्याच्या जागा शोधते. इथल्या शेतकऱ्याला या तिन्ही गोष्टींचा हिशेब हजार वर्षांपासून पाठ आहे.

नवव्या शतकात, राजा अवंतिवर्म्याच्या काळात, सुय्य नावाच्या माणसाने या पाण्याला शिस्त लावली. कल्हणाने राजतरंगिणीत सांगितलेली त्याची युक्ती कोणत्याही सॅपरला आवडेल. बारामुल्लाकडे दरड कोसळून नदी तुंबली होती आणि खोऱ्यात दुष्काळ होता. सुय्याने पाण्यात नाणी फेकली. उपाशी लोकांनी नाण्यांसाठी दगड उपसले आणि पात्र मोकळं झालं. पुढे बांध, कालवे झाले. कल्हण म्हणतो, २०० दीनारांना मिळणारी खारीभर साळ ३६ दीनारांवर आली. सोपोर, म्हणजे सुय्यपूर, त्याच्याच नावाचं.

त्यानंतर हजार-अकराशे वर्षांनी, १९९२ च्या पुराने वुलरच्या तळावर इतका गाळ आणून टाकला की कमळं दिसेनाशी झाली. नदरूवर पोट असलेल्या काठच्या घरांनी दुसरी कामं धरली. त्या गावांत तिशीतली माणसं भेटतात, ज्यांनी लहानपणी वुलरचं कमळ पाहिलंच नाही. 'महापद्म' हे नाव पोथीत सुखरूप होतं, पण पोथीतल्या नावाची यखनी होत नाही.

गेल्या काही वर्षांत गाळ उपसला गेला, बियाही टाकल्या गेल्या, आणि सुमारे तीन दशकांनी वुलरमध्ये कमळं परत फुलली. कमळाचं बी विलक्षण चिवट असतं. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्यातलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं आहे. मात्र बी कितीही चिवट असलं, तरी वरचा गाळ कुणीतरी काढावाच लागतो. सुय्याने नाणी फेकून काढवला, आता यंत्रांनी काढला.

म्हणून मला वाटतं, चिन्हाचा अभिमान बाळगणं सोपं आहे. भाजलेल्या मातीवर एकदा उमटवलं की ते टिकतं. झाड टिकवायला मात्र दर पिढीने गाळात उतरावं लागतं.

वाचकांपैकी ज्या निवृत्त साहेबांची आणि जवानांची पोस्टिंग १९९२ पूर्वी बारामुल्ला-बांदीपोरा भागात झाली असेल, त्यांनी वुलरची जुनी कमळं पाहिली असतील. कुठल्या काठाला होती, किती दूरवर पसरली होती, नदरू काय भावाने मिळायचं, आठवेल तसं लिहून ठेवा. सरोवर पूर्वी कसं होतं हे सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.

जय हिंद.