'नो पार्स' : उणे चिन्हाची गोष्ट

आज लढाई नाही, संगणकाच्या भाषेचा इतिहास. पण सुरुवात माझ्या डायरीपासून.

लडाखमधल्या एका चौकीवर मी रोज पहाटेचं तापमान लिहीत असे. निवृत्तीनंतर त्या नोंदी टाइप करून हास्केल भाषेत वाचायला घेतल्या. तिथे 'डिरायव्हिंग रीड' एवढं लिहिलं की मजकूर वाचणारा कोड कंपायलरच तयार करतो. जुलैची फाइल बिनबोभाट वाचली गेली. जानेवारीची दिली, तर उत्तर आलं, 'नो पार्स'. कितवी ओळ, कुठलं अक्षर, काही नाही. पहारेकऱ्याने 'थांब' म्हणावं आणि कारण सांगू नये, तसं.

हे मौन जुनं आहे. १९८५ मध्ये फिलिप वॅडलर यांनी एक युक्ती मांडली : मजकूर जितक्या प्रकारे वाचता येईल तितक्या उत्तरांची यादी द्यायची, जमलं नाही तर रिकामी यादी. १९८७ मध्ये पोर्टलंडच्या परिषदेत हास्केलची समिती ठरली, १ एप्रिल १९९० रोजी पहिला अहवाल निघाला, आणि 'रीड'ने तीच युक्ती घेतली. युक्ती देखणी आहे. पण रिकाम्या यादीत कारण कुठे लिहिणार?

मग फौजी उपाय. फाइल अर्धी केली, परत अर्धी केली. शेवटी एक ओळ उरली : तारीख १२, तापमान -५. बरोबरच तर होती! तेव्हा उलटं केलं. तीच नोंद कोडमध्ये बांधून 'शो'ला छापायला सांगितली. त्याने छापलं (-५.०), कंसात. आपोआप तयार झालेला 'रीड' मुळात 'शो'ने लिहिलेलं वाचण्यासाठी असतो, माणसाने टाइप केलेलं नव्हे. उणे संख्येला कंस हवाच.

मुलगा म्हणाला, "बाबा, उणे चिन्हं काढून टाका, जानेवारीत सगळं उणेच असणार." मी नाही म्हटलं. त्या वर्षी एक पहाट शून्याच्या वर होती, आणि तीच मला शोधायची होती.

कंस घातले. मग ओळी सुट्या केल्या आणि प्रत्येकीला 'रीडमेबी' लावलं. २०१२ पासून ते सोबत मिळतं. कारण तेही सांगत नाही, पण कार्यक्रम कोसळत नाही. दोन ओळी अडल्या. एकीत मी -.५ लिहिलं होतं. टिंबाआधी शून्य लागतं. दुसरीत आकडाच नव्हता. त्या पहाटे थर्मामीटर फुटला होता आणि मी इमानदारीने 'फुटला' असं लिहून ठेवलं होतं. ती ओळ तशीच बाजूला ठेवली आहे.