एकेरी व्याप्ती, दुहेरी व्याप्ती

‘जर-तर’ रूपाच्या विधानाला गणितात सशर्त विधान म्हणतात. त्याचे दोन भाग उलटवले की व्यत्यास मिळतो. मूळ विधान आणि व्यत्यास दोन्ही खरे असतील, तर ‘तर आणि तरच’ असे द्विसशर्त विधान करता येते. हे तिन्ही भेद भारतीय न्यायशास्त्राने ‘व्याप्ती’च्या, म्हणजे एक धर्म असेल तेथे दुसरा असतोच या नियमाच्या, विचारात बारकाईने हाताळले. तेथे चर्चा वाक्यांपेक्षा वस्तूंच्या धर्मांची होती, एवढा फरक.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे. स्वयंपाकघरात असतो तसा. पण एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. बौद्ध आचार्य दिङ्नागाने ५व्या-६व्या शतकांच्या सुमारास कसोटी कडक केली: साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते (येथे अग्नी), जेथे नाही, तेथे हेतू (येथे धूर) मुळीच आढळता कामा नये. नैयायिकांमध्ये हा विचार मिथिलेच्या गंगेशाने १४व्या शतकात ‘तत्त्वचिंतामणी’त कळसाला नेला.

धूर असेल तेथे अग्नी असतोच. व्यत्यास मात्र टिकत नाही: तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ही विषम व्याप्ती. अग्नीवरून धुराचे अनुमान करणारा ओल्या सरपणाची अट विसरतो. या लपलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात. उलट, अग्नी नाही तेथे धूर नाही, जसे तळ्यात, ही व्यतिरेक व्याप्ती मूळ नियमाइतकीच पक्की असते.

दोन्ही दिशांनी खरी ठरते ती सम व्याप्ती. व्याख्येला तीच लागते. अन्नंभट्टाने १७व्या शतकात ‘तर्कसंग्रहा’वरील आपल्याच ‘दीपिका’ टीकेत गाय घेऊन हे दाखवले. ‘पिंगट ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गळ्याखाली लोंबणारी कातडी हे लक्षण प्रत्येक गाईला लागू पडते आणि गाईलाच लागू पडते.

या परिभाषेचा मोठा कोश, भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’, मुंबईत १८७४ साली प्रसिद्ध झाला. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ साली काढली. व्याप्तीच्या अभ्यासकाला तो आजही हाताशी लागतो.