बारामती-इंदापूरची हवा: कोणत्या ऋतूत कोणती काळजी घ्यावी?

मोठ्या शहराबाहेर हवा स्वच्छच असते, असा अनेकांचा समज असतो. पण धूर आणि धूळ लहान गावातही असते. ती हवेत किती वेळ अडकून राहते, हे भूगोल आणि ऋतूवर ठरते. दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्यांनी हे समजून घेतल्यास त्रास बराच टाळता येतो.

भूगोलाचा परिणाम

बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. पाऊस कमी असल्याने वर्षातील बराच काळ माती कोरडी राहते आणि वाऱ्याने उडते. दुसरीकडे नीरेचे कालवे आणि भीमेवरील उजनी जलाशय यांमुळे येथे ऊस मोठ्या प्रमाणात होतो. त्यामुळे साखर कारखान्यांचा धूर व काजळी, ऊस वाहतूक आणि पाचट जाळणे यांची भर पडते. इंदापूर तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्गही जातो.

हिवाळा: सर्वात जपण्याचा काळ

निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते. जमिनीलगतची थंड हवा खाली राहते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. धूर वर जाऊ शकत नाही. नेमका याच काळात ऊस गाळप हंगाम सुरू असतो; शेकोट्याही पेटतात. म्हणून ‘ताजी’ वाटणारी पहाटेची हवा अनेकदा दिवसातील सर्वात खराब असते. ऊन चढल्यावर हे झाकण विरते आणि हवा मोकळी होते.

उन्हाळा

तापलेली हवा वर जात असल्याने धूर लवकर पसरतो. मात्र दुपारचे वारे आणि वावटळींमुळे धूळ वाढते. तिने नाक, डोळे आणि घसा चुरचुरतो.

पावसाळा

समुद्राकडून येणारे वारे आणि पाऊस यांमुळे हवा धुऊन निघते. पण ओलसर भिंतींवरील बुरशी आणि गाजरगवताचे परागकण ॲलर्जी व दमा वाढवू शकतात. पावसाने ओढ दिली की धूळही परत येते.

शरीरावर काय परिणाम होतो?

धुरातील २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण (पीएम २.५) फुफ्फुसांच्या खोल भागात आणि तिथून रक्तात पोहोचू शकतात. त्यामुळे दम्याचा झटका, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. भारतीय मानकानुसार त्यांचे २४ तासांचे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ आहे. मोबाइलवरील आकडा दूरच्या केंद्राचा किंवा अंदाजाने काढलेला असू शकतो. म्हणून धुराचा वास, धूसर क्षितिज आणि स्वतःची लक्षणे यांकडेही लक्ष द्या.

काय करावे?

- हिवाळ्यात फिरायला पहाटे न जाता ऊन चढल्यावर जा.
- जवळ पाचट जळत असेल तर दारे-खिडक्या बंद ठेवा. शक्य असल्यास आपल्या शेतातील पाचट न जाळता कुट्टी करून जमिनीत मुरू द्या.
- घरात चूल असेल तर धूर बाहेर जाण्याची सोय करा. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांनाही चुलीच्या धुरामुळे सीओपीडी होऊ शकतो.
- रुमाल बारीक कण अडवत नाही. धुरात जावेच लागले तर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरा.
- बरे वाटले तरी रोजचा प्रतिबंधक इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. हंगाम सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधांचा आढावा घ्या आणि फ्लूच्या लसीबद्दल विचारा.

तातडीने रुग्णालयात केव्हा जावे?

एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, छातीत दुखत असेल किंवा आराम देणारा इन्हेलर घेऊनही दम कमी होत नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.